सात बदल्यांचा हिशेब : विल्यम हॉय आणि बेसबॉलचा बाजार

१८९७ च्या नोव्हेंबरात सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल क्लबाने आपला सेंटर फील्डचा खेळाडू विल्यम एल्सवर्थ हॉय आणि त्याच्यासोबत रेड एरेट या पिचरसह (चेंडू टाकणारा खेळाडू) आणखी दोघे लुईव्हिल क्लबाला देऊन टाकले. बदल्यात घेतला बिल हिल हा एकच पिचर. या हिलने आदल्या वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, एका मोसमात २८ सामने हरण्याचा पराक्रम केला होता. सिनसिनाटीकडून तो पुढच्या वर्षी साधारण जेवढे जिंकला तेवढेच हरला आणि १८९९ नंतर मोठ्या लीगमधून कायमचा बाहेर पडला. पस्तिशी गाठलेला हॉय मात्र लुईव्हिलला दोन मोसम जवळजवळ प्रत्येक सामना खेळला आणि दोन्ही वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी ०.३०० च्या वर राहिली. मोठ्या लीगमधल्या चौदा मोसमांत हॉयने सात वेळा क्लब बदलला. इतक्या हातांतून गेलेल्या खेळाडूत काहीतरी खोट असणार, असं आपण सहज धरून चालतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हॉयच्या सात बदल्या ओळीने मांडून पाहिल्या तर खोट दिसते ती क्लबांच्या व्यवहारात. त्यातल्या बहुतेक बदल्या क्लब आणि लीग बुडाल्यामुळे झाल्या. ज्या दोन खरोखरीच्या अदलाबदली होत्या, त्यांत मालकांनी अशा वहीवर भरवसा ठेवला जिच्यात हॉयच्या मुख्य गुणाला रकानाच नव्हता.

माणूस कोण, ते आधी सांगायला हवं. हॉयचा जन्म २३ मे १८६२ चा, ओहायो राज्यातल्या हाउकटाउन या खेड्यातला. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वराने त्याचं ऐकणं गेलं. कोलंबस शहरातल्या ओहायोच्या कर्णबधिर शाळेत तो शिकला, १८७९ मध्ये वर्गात पहिला येऊन बाहेर पडला आणि गावी चपला-बूट दुरुस्त करायला बसला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो शिरला चोविसाव्या वर्षी, १८८६ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश क्लबाकडून. पहिल्या मोसमात त्याची सरासरी जेमतेम ०.२१९ होती. कारण साधं होतं. चेंडू चांगला की वाईट हा पंचाचा कौल त्या काळी तोंडी असे. हॉयला तो कळून घ्यायला मान वळवावी लागे आणि तेवढ्यात समोरचा पिचर पुढचा चेंडू टाकून मोकळा होई. पुढच्या वर्षी संघाने तोड काढली : तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा आपला प्रशिक्षक हाताच्या खुणेने त्याला कौल कळवू लागला. हॉयची सरासरी ०.३५० च्या पुढे गेली, ऑशकॉशने नॉर्थवेस्टर्न लीग जिंकली आणि १८८८ मध्ये नॅशनल लीगच्या वॉशिंग्टन क्लबाने त्याला उचललं. (१८८७ चे नियम फलंदाजांवर मेहेरबान होते हे खरं, पण मेहेरबानी सगळ्यांवरच होती.) वृत्तपत्रं त्याला ‘डमी’ (मुका) म्हणत, तोही स्वतःला तेच म्हणवून घेई. इथे मी हॉयच म्हणणार आहे.

आता बदल्या. १८८८ आणि १८८९ वॉशिंग्टन. १८९० मध्ये प्लेयर्स लीगचा बफेलो क्लब. १८९१ मध्ये अमेरिकन असोसिएशनचा सेंट लुईस ब्राउन्स. १८९२ आणि १८९३ पुन्हा वॉशिंग्टन, पण हा वेगळा क्लब. १८९४ ते १८९७ सिनसिनाटी. १८९८ आणि १८९९ लुईव्हिल. १९०० आणि १९०१ शिकागो व्हाइट सॉक्स. त्यातलं पहिलं वर्ष मोठ्या लीगमध्ये धरत नाहीत, कारण अमेरिकन लीगने स्वतःला ‘मोठी’ म्हणून घोषित केलं ते १९०१ मध्ये. आणि १९०२ मध्ये परत सिनसिनाटी. कागदावर हा माणूस एका जागी ठरतच नव्हता असं वाटतं. पण या सातांपैकी एकाच्या बदल्यात दुसरा खेळाडू घेऊन झालेले व्यवहार दोनच : १८९३ च्या अखेरीचा आणि १८९७ चा. उरलेल्या पाचांत एकदा तो खेळाडूंच्या बंडाबरोबर गेला, दोनदा पायाखालची लीग गेली, एकदा क्लब गेला आणि शेवटची बदली झाली ती दोन लीग एकमेकींचे खेळाडू पळवण्यात गुंतल्या होत्या त्या काळात.

हे बंड कशासाठी होतं ते समजल्याशिवाय त्या काळातली कुठलीच बदली समजत नाही. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरवलं की प्रत्येक क्लब आपले पाच खेळाडू राखून ठेवील आणि दुसरा कोणी त्यांना हात लावणार नाही. पुढच्या आठ वर्षांत पाचाचे अकरा आणि अकराचे चौदा झाले, म्हणजे अख्खा संघच राखीव. करार एका वर्षाचा, पण तो संपला तरी खेळाडू त्याच क्लबाचा. क्लबाला मात्र त्याला विकायची, बदलायची, काढून टाकायची मुभा. १८८७ च्या फेब्रुवारीत शिकागोने आपला लाडका किंग केली बॉस्टनला १०,००० डॉलरना विकला. तेव्हा वेतनाची मर्यादा होती २,००० डॉलर; ती वळसा घालून चुकवायची म्हणून बॉस्टनने केलीला त्याचं छायाचित्र वापरण्याच्या नावाखाली आणखी ३,००० दिले. दहा हजार गेले शिकागोच्या तिजोरीत. आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर लागलेली बोली निदान त्याचंच मानधन असते; इथे बोली एकाची आणि घाम दुसऱ्याचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन माँटगोमेरी वॉर्ड या न्यूयॉर्कच्या शॉर्टस्टॉपने, जो कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला होता, ‘लिपिन्कॉट्स’ मासिकात लेख लिहून जाहीरपणे विचारलं की बेसबॉलचा खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय. मालकांचं उत्तर फार लांबलं नाही. १८८८-८९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कने खुद्द वॉर्डलाच १२,००० डॉलरना विकायचं ठरवलं, तेही हॉयच्या वॉशिंग्टनला. वॉर्डने जायला नकार दिला म्हणून तो सौदा फिसकटला. त्याच हिवाळ्यात इंडियानापोलिस क्लबाचा मालक जॉन ब्रश याने खेळाडूंची अ ते इ अशी वर्गवारी करणारी योजना लीगकडून मंजूर करून घेतली : वरच्या वर्गाला २,५०० डॉलर, तळाच्याला १,५००. आणि वर्ग ठरवताना मैदानाबाहेरची ‘वर्तणूक’ही पाहायची. हा ब्रश लक्षात ठेवावा. पुढे सिनसिनाटी क्लब त्याच्याच मालकीचा झाला आणि हॉयचा १८९७ चा सौदा त्याच्याच राजवटीतला.

वर्गवारीने भडका उडाला. वॉर्डच्या खेळाडू-संघटनेने १८९० साठी स्वतःची प्लेयर्स लीग उभारली, तीत खेळाडूंना नफ्यात वाटा आणि संमतीशिवाय बदली नाही असं ठरलं. वॉशिंग्टनचा क्लब १८८९ मध्ये तळाला राहून मोडीत निघतच होता. हॉय आणि त्याचा सहकारी कॅचर कॉनी मॅक, दोघेही बफेलोला गेले. मॅकने तर साठवलेले ५०० डॉलर बफेलो क्लबात गुंतवले आणि घालवले. बफेलो शेवटचा आला, लीग एका मोसमात आटोपली, कारण तिच्या भांडवलदारांनी खेळाडूंना विचारल्याशिवाय नॅशनल लीगशी तडजोड केली. हॉय सेंट लुईसला गेला. त्या वर्षाअखेर अमेरिकन असोसिएशनही कोसळली आणि तिच्यातले चार क्लब नॅशनल लीगने आपल्यात घेऊन बारा क्लबांची मक्तेदारी उभी केली. म्हणजे सव्वीस महिन्यांत या माणसाचे तीन मालक बदलले आणि त्यांतल्या एकाही बदलाशी त्याच्या खेळाचा संबंध नव्हता. ‘फिरता खेळाडू’ हा शिक्का त्याच्यावर बसला असेल तर तो या सव्वीस महिन्यांतच.

१८९२ मध्ये तो ज्या नव्या वॉशिंग्टन क्लबात आला तो फिलाडेल्फियात मांसाचा धंदा करणाऱ्या वॅग्नर बंधूंचा होता. चांगला खेळाडू हाताशी आला की विकून पैसे करायचे, ही त्यांची ख्याती. तेव्हा मक्तेदारी असल्यामुळे खेळाडूला दुसरीकडे जायला जागा नव्हती आणि लीगने वेतनाची कमाल मर्यादा पुन्हा २,४०० डॉलरच्या आसपास आणून ठेवली होती. १८९३ च्या मोसमानंतर वॉशिंग्टनने हॉय सिनसिनाटीला दिला आणि माइक सुलिव्हन हा पिचर घेतला. सुलिव्हन वॉशिंग्टनला एक मोसमसुद्धा पुरा टिकला नाही. १८९४ च्या मध्यावरच तो क्लीव्हलंडकडे गेला. हॉय सिनसिनाटीला चार वर्षं खेळला. दोन अदलाबदली, दोन्ही पिचरसाठी, दोन्ही पिचर नव्या क्लबात अल्पकाळचे. मी याला निव्वळ दुर्दैव मानायला तयार नाही. पिचरची किंमत करायला मालकांकडे ‘जिंकले-हरले’ असा ठसठशीत आकडा होता. हॉयची किंमत करायला काय होतं?

इथे बेसबॉलच्या गुणलेखनात शिरावं लागतं. पिचरने ठरावीक पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटर त्यांच्या नादी लागला नाही, तर त्याला न मारता पहिला बेस मिळतो. याला वॉक म्हणतात. (चाराचा नियम १८८९ पासूनचा, हॉयच्या पहिल्या वर्षी पाच वाईट चेंडू लागत.) बेसवर पोचल्याशिवाय धाव होत नाही आणि वॉकने पोचलेला माणूस फटका मारून पोचलेल्याइतकाच पहिल्या बेसवर असतो. पण गुणलेखनाची पद्धत ज्याने घडवली तो हेन्री चॅडविक इंग्लंडातून आलेला आणि आधी क्रिकेटचं वार्तांकन करणारा. क्रिकेटमध्ये वाइड चेंडूची धाव फलंदाजाच्या नावावर नाही, अवांतरांत जाते. चूक गोलंदाजाची, श्रेय कोणाचंच नाही. चॅडविकने वॉककडे याच नजरेने पाहिलं. त्याच्या लेखी ती पिचरची चूक, बॅटर तिथे केवळ हजर. फक्त १८८७ या एका वर्षी लीगने वॉक हा हिट धरून पाहिला, तेव्हा सरासऱ्या एवढ्या फुगल्या की लोक हसले आणि पुढच्या वर्षी नियम रद्द झाला. फलंदाजीची सरासरी हाच मापदंड कायम राहिला आणि तिच्यात वॉक जमेलाही नाही, खर्चालाही नाही. आपल्या वाचकाला यातली गफलत पटकन कळेल. क्रिकेटमध्ये वाइड चेंडू सोडला तर फलंदाजाला त्यातून काही मिळत नाही. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडणं ही एक पूर्ण, यशस्वी खेळी असते. क्रिकेटचा हिशेब बेसबॉलला जसाच्या तसा लावला की हे यश वहीतून गळतं.

हॉयचा धंदाच या गळतीत होता. कारकिर्दीत त्याने हजाराहून थोडे अधिक वॉक घेतले. १८९१ मध्ये असोसिएशनमध्ये सर्वांत जास्त वॉक त्याचे, आणि दहा वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, १९०१ च्या अमेरिकन लीगमध्ये पुन्हा सर्वांत जास्त वॉक त्याचेच. त्या वर्षी अंगावर चेंडू घेऊन बेस मिळवण्यातही तोच पुढे होता. त्याची कारकिर्दीची सरासरी ०.२८८ च्या आसपास, म्हणजे बरी, पण डोळ्यात भरणारी नाही. विशेषतः १८९३ मध्ये पिचरला मागे, साठ फूट सहा इंचांवर, नेल्यानंतर जेव्हा फटकेबाजीला ऊत आला आणि १८९४ मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरीच ०.३०९ झाली, तेव्हा हॉय त्या आकड्यांत अगदीच सामान्य दिसला असणार. पण वॉक आणि अंगावर घेतलेले चेंडू जमेला धरले तर तो दर हजार वेळांपैकी सुमारे ३८६ वेळा बेसवर पोचत होता. २८८ आणि ३८६ यांमधली जी फट आहे, तेवढा हॉय बाजाराला दिसतच नव्हता. उंचीने तो साडेपाच फुटांच्या आत, त्यामुळे पट्टा मुळात लहान. पण लहान चणीचे खेळाडू त्या काळी ढिगाने होते आणि सगळ्यांनी हजार वॉक घेतले नाहीत. चेंडू सोडायला नजर लागते.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल आणि तो वजनदार आहे : बेसवर पोचण्याचा टक्का हे अलीकडचं फॅड, मोठ्या लीगने त्याला अधिकृत आकडा मानलं तेच मुळी १९८४ मध्ये, शंभर वर्षांनंतरचा गज घेऊन १८९७ च्या मालकाला मूर्ख ठरवणं हा अन्याय आहे. मूर्ख मी कोणालाच ठरवत नाही. पण ‘त्या काळी हे कोणाला कळणं शक्य नव्हतं’ हे मात्र खोटं आहे, आणि त्याचा पुरावा चार्ली कमिस्की. १८९१ मध्ये कमिस्की सेंट लुईसचा व्यवस्थापक होता, तेव्हा हॉय त्याच्या हाताखाली खेळला. कमिस्की सिनसिनाटीला गेला आणि दोनच वर्षांत हॉय तिथे आला. मग कमिस्कीने स्वतःचा क्लब घेतला, १९०० मध्ये तो शिकागोला आणला, आणि सेंटर फील्डला उभा केला तो अडतिसाव्या वर्षाकडे झुकलेल्या हॉयला. तीन शहरं, तीन लीग, दहा वर्षं, आणि प्रत्येक वेळी तोच माणूस. कमिस्की खेळाडूंवर पैसे उधळणारा म्हणून कोणाच्या लक्षात नाही. उलट त्याच्या कंजूषपणाच्या कथा प्रसिद्ध आहेत. त्याने भावनेपोटी कोणाला तीनदा घेतलं असेल हे संभवत नाही. त्याने हॉयला वहीत पाहिलं नव्हतं, रोज मैदानावर पाहिलं होतं. ज्याने रोज पाहिलं तो पुन्हा पुन्हा मागून घेत राहिला, ज्यांनी आकडा पाहिला त्यांनी पिचरसाठी देऊन टाकला. धावांचा रकाना वहीत होता, हेही मान्य करायला हवं. हॉयच्या नावावर अठराशेच्या आत सामन्यांत चौदाशेवर धावा आहेत आणि त्या छापूनही येत होत्या. पण धावेचं श्रेय विभागलं जातं; बेसवरच्या माणसाला घरी आणणारा फटका प्रेक्षकांच्या लक्षात राहतो, तो माणूस बेसवर कसा आला हे कोण लक्षात ठेवतो.

हॉय एकटाच या गळतीत सापडला असता तर त्याच्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं मला जड गेलं असतं. पण त्या पिढीतला वॉकचा बादशहा बिली हॅमिल्टन. तोही आउटफिल्डर, त्याचीही चण लहान. सरासरीही ०.३४० च्या वर, म्हणजे वहीतही चमकणारा. तरी १८९५ च्या अखेरीस फिलाडेल्फियाने त्याला बॉस्टनला दिला आणि घेतला बिली नॅश हा उतरणीला लागलेला तिसऱ्या बेसचा खेळाडू. नॅशची फलंदाजी पाहता पाहता संपली, हॅमिल्टनच्या बॉस्टनने १८९७ आणि १८९८ ही दोन्ही अजिंक्यपदं घेतली.

दुसरा आक्षेप क्षेत्ररक्षणाचा. हॉयच्या नावावर आउटफिल्डमधल्या चुका भरपूर आहेत, पावणेचारशेच्या पुढे. आणि १८८८ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक ठरलेले त्याचे ८२ ‘चोरलेले’ बेस आजच्या अर्थाने चोरलेले नाहीत, कारण १८९८ पर्यंत सहकाऱ्याच्या फटक्यावर एक बेस जास्त धावला तरी तो चोरी म्हणून धरत. दोन्ही गोष्टी खऱ्या. चोरीचा आकडा म्हणूनच मी पुराव्यात घेतलेला नाही. चुकांचं म्हणाल तर तळहाताएवढ्या हातमोज्यांनी, उंचसखल मैदानावर, दिवसभर तोच काळवंडलेला चेंडू झेलणाऱ्या त्या पिढीत जो जास्त पळे तोच जास्त चुके. १९०२ मध्ये तो थांबला तेव्हा सेंटर फील्डवर त्याच्याइतके सामने कोणीही खेळलेलं नव्हतं. इतक्या चुका करायला इतकी वर्षं त्या जागी कोणीतरी उभं करावं लागतं. आणि १९ जून १८८९ चा इंडियानापोलिसविरुद्धचा सामना आहेच : त्या एका सामन्यात हॉयने सेंटर फील्डवरून थेट होम प्लेटवर फेकून तिघा धावकांना बाद केलं, तिन्ही वेळा झेलणारा कॉनी मॅक. आउटफिल्डरने एका सामन्यात एकाला असं बाद केलं तरी बातमी होते.

तिसरा आक्षेप नाजूक आहे. ऐकू न येणारा माणूस दोन खेळाडूंच्या मधल्या झेलाला धोकादायक ठरणार, आणि म्हणून क्लबांना तो नकोसा होत असेल, असं कोणी म्हणू शकतं. अशी टक्कर आउटफिल्डमध्ये खरोखर हाडं मोडते. पण हॉयने या प्रश्नाचा बंदोबस्त स्वतःच केला होता आणि तो फार नेटका होता. सहकाऱ्यांसाठी त्याने लिहून लावलेली एक सूचना नोंदीत आहे. तिचा मतलब असा : मी पूर्ण बहिरा आहे आणि तुमच्यातल्या काही जणांना माझ्या खेळाची सवय नाही; म्हणून एवढंच ठरवू की झेल मी घेणार असेन तर मी ओरडेन, माझा आवाज आला नाही तर मी त्या चेंडूवर नाही असं समजा. १९०२ मध्ये सिनसिनाटीला त्याच्या शेजारी खेळलेल्या सॅम क्रॉफर्डने म्हातारपणी लेखक लॉरेन्स रिटरला दिलेल्या मुलाखतीत त्या बारीक, किंचाळल्यासारख्या आवाजाची आठवण सांगितली आहे. तो आवाज आला की आपण बाजूला व्हायचं. यात जबाबदारी कोणाची ते पाहा. ऐकणाऱ्यांनी ऐकायचं, न ऐकणाऱ्याने सांगायचं. इतर आउटफिल्डर आयत्या वेळी दोघेही ओरडतात आणि दोघेही धडकतात. मात्र या व्यवस्थेला शेजाऱ्यांची सवय लागते, आणि प्रत्येक बदलीबरोबर ती सवय शून्यावर येत होती. प्रशिक्षकाच्या खुणा नव्याने बसवायच्या, शॉर्टस्टॉपला, दोन्ही बाजूंच्या आउटफिल्डरांना नव्याने समजवायचं. सात वेळा. इतर कोणत्याही खेळाडूला बदली जेवढी महाग पडली असेल त्यापेक्षा ती हॉयला महाग पडत होती, आणि तरी प्रत्येक नव्या ठिकाणी तो पहिल्याच मोसमात नियमित सेंटर फील्डर होता. बहिरेपणामुळे त्याला कोणी काढलं, याला मला आधार सापडत नाही.

चौथा आक्षेप घेणारा म्हणेल की मग कॅप अॅन्सन बावीस मोसम एकट्या शिकागोत कसा राहिला. अॅन्सन क्लबाचा व्यवस्थापक होता आणि भागधारकही होता. स्वतःला कोण विकतं? आणि किंग केली, ज्याच्याइतका लोकप्रिय खेळाडू त्या दशकात नव्हता, तो भर बहरात विकला गेला. एका जागी राहणं किंवा न राहणं यावरून गुणवत्ता मोजायची झाली तर केली अॅन्सनपेक्षा कमअस्सल ठरेल. सिनसिनाटीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे : हॉयला देऊन टाकल्यावर १८९८ मध्ये ते ७६ वरून ९२ विजयांवर गेले, चौथ्याचे तिसरे आले. म्हणजे सौद्याने त्यांचं वाटोळं झालं नाही. पण त्या वर्षी मोसमच वीसेक सामन्यांनी मोठा होता, आणि ९२ विजयांत हिलचे जेमतेम तेरा, पराभव त्याहून एक जास्त. संघ सुधारला तो हिलला घेतल्यामुळे, असं त्या आकड्यांवरून तरी म्हणवत नाही. पस्तीस वर्षांच्या माणसाला वेळीच काढलं, हे समर्थन मला सगळ्यांत पटण्यासारखं वाटतं. त्या काळी पस्तिशीनंतर आउटफिल्डर क्वचितच टिकत. ब्रशने वयाचा सट्टा लावला आणि तो हरला, एवढंच.

लुईव्हिलला हॉय नव्या पिढीच्या पंक्तीत बसला. डावीकडे फ्रेड क्लार्क, संघात तरुण होनस वॅग्नर, टॉमी लीच. १८९९ च्या ऑगस्टमध्ये क्लबाचं प्रेक्षागार जळालं आणि मोसमाचा अखेरचा भाग परगावी काढावा लागला. मोसम संपल्यावर नॅशनल लीगने बारा क्लबांचे आठ केले. लुईव्हिल, वॉशिंग्टन, बाल्टिमोर आणि क्लीव्हलंड यांना मूठमाती मिळाली. यातलं क्लीव्हलंड तर त्या वर्षी १५४ पैकी १३४ सामने हरलं होतं, कारण त्याच्या मालकांनी सेंट लुईसचाही क्लब विकत घेऊन चांगले खेळाडू तिकडे हलवले होते. लुईव्हिलचा मालक बार्नी ड्रायफस पिट्सबर्गमध्ये शिरला आणि वॅग्नर, क्लार्क, लीच यांना सोबत घेऊन गेला. सदतीस वर्षांचा हॉय त्या यादीत नव्हता. कमिस्कीच्या यादीत होता. शिकागोने १९०० मध्ये अमेरिकन लीग जिंकली आणि १९०१ मध्ये, लीग मोठी झाल्यावरच्या पहिल्याच वर्षी, पुन्हा जिंकली. मोठ्या लीगमधलं हॉयचं हे एकमेव अजिंक्यपद. वॉशिंग्टन, बफेलो, लुईव्हिल अशा पडत्या घरांत आयुष्य गेलं म्हणून ते एवढ्या उशिरा आलं. १९०२ च्या जुलैमध्ये सिनसिनाटीने त्याला मोकळं केलं तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. १९०३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर लॉस एंजेलिसकडून शेवटचा मोसम खेळून त्याने सिनसिनाटीजवळ माउंट हेल्दीला दुधाचा धंदा थाटला. १९६१ च्या ऑक्टोबरात, नव्व्याण्णवाव्या वर्षी, सिनसिनाटीतल्या वर्ल्ड सिरीज सामन्याचा पहिला मानाचा चेंडू त्याने टाकला आणि दोन महिन्यांनी तो वारला. खेळाडूला क्लबाशी बांधून ठेवणारं ते राखीव कलम त्याच्यानंतरही चौदा वर्षं टिकलं. सेंट लुईसच्याच कर्ट फ्लड या सेंटर फील्डरने १९६९ मध्ये बदली नाकारून न्यायालय गाठलं, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, आणि अखेर १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाच्या निकालाने ते कलम मोडलं.

राहता राहिला कूपर्सटाउनचा प्रश्न. एवढा थोर होता तर हॉय तिथल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, का नाही? त्याला तिथे घ्यावं म्हणून अमेरिकेतला कर्णबधिर समाज कित्येक दशकं झटतो आहे. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाने आपल्या बेसबॉल मैदानाला त्याचं नावही दिलं आहे. प्रचाराचा भर बहुधा एका कथेवर असतो : पंच आज उजवा हात वर करून ‘स्ट्राइक’ची खूण करतात ती हॉयमुळे सुरू झाली. मला ही कथा मोहक वाटते आणि दुबळीही. हॉयने स्वतःच्या खेळाबद्दल सांगितलं आहे त्यात खुणा करणारा पंच नाही, तिसऱ्या बेसचा प्रशिक्षक आहे. पंचांच्या खुणा सर्रास झाल्या त्या तो निवृत्त झाल्यानंतर, आणि त्यांच्या श्रेयावर साय रिगलर, बिल क्लेम या पंचांसारखे इतर दावेदारही आहेत. विरोधकाला ही कथा खोडून काढता येते आणि मग सबंध दावाच ढिला पडतो. हजार वॉक खोडून काढता येत नाहीत. दोन वेगवेगळ्या लीगमध्ये, दहा वर्षांच्या अंतराने, सर्वांत जास्त वॉक घेणारा, मधल्या काळात चार वेळा क्लब बदललेला हा सेंटर फील्डर निवड समितीपुढे ठेवायचा असेल तर आधी तो ३८६ चा आकडा ठेवावा, त्याखाली कमिस्कीच्या तीन संघांची नावं लिहावीत, आणि खुणांची गोष्ट कोणी विचारलीच तर मग सांगावी.